खाडीत न टाकलेलं नाणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुधीरला ओळखत नाही — एवढंच.

नव्वदीच्या अखेरीस आम्ही अजमानला राहायचो. सुधीर खालच्या मजल्यावर. दोघांचं ऑफिस दुबईत, एकच. रोज त्याच्याच गाडीतून जायचो-यायचो. मला जुन्या इंग्रजी नाण्यांचा नाद. खरं तर — खोट्या नाण्यांचा. आजच्या नकला नव्हेत हं. दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या भामट्यांनी चोरून पाडलेली, बाजारात खपवलेली. सरकारी नाण्यांपेक्षा मला तीच प्यारी. पण लोक हसतील म्हणून हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या लेखी मी नाण्यांतला जाणकार, बस्स.

एका दिवाळीत सुधीरने लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनातलं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. शिलिंग. रत्नागिरीचे त्याचे आजोबा इंग्रजी बोटीवर खलाशी होते, त्यांनी आणलेलं. तीन पिढ्या पुजलेलं. मी कड पाहिली. चांदी झिजून आतलं तांबं दिसत होतं. असलं नाणं मी कित्येक वर्षं शोधत होतो!

मी काय म्हणालो? "खोटं आहे रे. नुसता मुलामा." यात खोटं काय होतं? काहीच नाही. पण वर हेही विचारलं, की असलं नाणं पूजेत ठेवतात का? ते विचारायची काय गरज होती? सुधीरचा चेहरा पडला. त्याची मुलगी म्हणाली, "फेक आहे? देन थ्रो इट ना, बाबा!" त्याच्याने टाकवेना. "तूच टाक यार कुठेतरी," म्हणाला. मी खिशात घातलं.

चार दिवसांनी त्याच्या वडिलांचा फोन आला. रत्नागिरीच्या बूथवरून, थेट माझ्या घरी. "अहो, खोटं असेल, पण माझ्या बापाच्या हातचं आहे. तेवढं परत पाठवा." नाणं समोर टेबलावर होतं, भिंगाखाली. 'हो काका' म्हणायला काय लागत होतं?

"काका, ते मी खाडीत टाकलं."

ते म्हणाले, "असू दे. तुम्हाला उगाच त्रास दिला."

त्यानंतर तीन वर्षं रोज त्या गाडीत बसलो. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी सरकायची. काचा बंद, एसी चालू, शेजारी सुधीर. सांगायला वेळच वेळ होता. आज सांगू, उद्या सांगू — अन् रोज ते आणखी अवघड. मला घुसमटायला व्हायचं. दुसऱ्या कुणाबरोबर जावं, तर त्याला कारण काय देणार?

काका गेले. गावाहून परतल्यावर पहिल्याच सकाळी सुधीर गाडीत म्हणाला, शेवटी शेवटी ते त्या नाण्याचंच विचारायचे. मग माझ्याकडे वळून, "तुझ्यावर राग नाही हं. तू खरं तेच सांगितलंस."

मी "हं" म्हणालो.

नाणं माझ्याकडे आहे. संग्रहातलं सगळ्यात सुंदर. अजूनही काढून पाहतो — आणि पाहताना मला आनंद होतो.