फाटकाबाहेरचे बूट

मी देवाधर्माचा माणूस नव्हतो आणि आजही छातीठोकपणे तसं म्हणवत नाही. पण एका दुपारचा उलगडा मला अजून झालेला नाही. विचार करायला बसलो की होता तो गोंधळ वाढतो. म्हणून जे आठवतं ते सरळ लिहितो.

आमचा बोईसरजवळच्या माहीमला पानवेलीचा मळा. मळ्यात पायताण घालून शिरायचं नाही, हा घरचा नेम. वेल म्हणजे साक्षात देवी. बाबा बांधावर वहाणा काढत, जोडीने ठेवत आणि त्यांची टोकं रस्त्याकडे वळवत. मी बोईसरला ऑइल इंजिनं दुरुस्त करायला शिकलो आणि अतिशहाणा झालो. एकदा आमच्याच पंपाचं काम होतं, तर बुटांसकट आत गेलो. महिन्याभरात वेली माना टाकू लागल्या. बाबांनी बुटांना दोष दिला, मी मुळांच्या कुजीला. "तुला समदं ठावं हाय ना, मंग तूच सांभाल," एवढं म्हणून बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. मीही कमी नव्हतो. यापुढे कुठल्याच बागेत बूट काढणार नाही, असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो आणि त्याच रागात एका कंत्राटदाराबरोबर आगबोटीने अरबस्तानात पंप बसवायला गेलो.

ही साठ सालानंतरची गोष्ट. दुबईला उतरल्यावर मालमोटारीतून नुसती वाळू पाहत अल ऐनला पोचलो, आणि समोर खजुरीची गर्द हिरवी झाडी. मातीच्या भिंती, झाडांच्या सावलीत केळी नि लिंबं, आणि डोंगरातून जमिनीखालून आणलेलं पाणी पाटातून झुळझुळत चाललेलं. लोकांना तिथे हायसं वाटतं म्हणे. मला रडू आलं. ज्या बागेवरून घर सोडलं ती समुद्र ओलांडून माझ्या आधी येऊन बसली होती.

दुसऱ्या आठवड्यातली दुपार. सगळे झोपले होते. पंपाची जागा पाहायला मी एकटाच एका बागेकडे निघालो. अंगात कणकण होती, पोटात काही नव्हतं. फाटकापर्यंतचं नीट आठवतं. मग पाटाकाठची गार माती तळव्यांना लागली, फार बरं वाटलं, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्ध आली तेव्हा एक म्हातारा अरब तोंडावर पाणी मारत होता. त्या बागेला पाणी सोडण्याचं काम त्याचं. पूर्वी खजुराच्या गलबतावरून मुंबईला येऊन गेलेला, म्हणून मोडकं हिंदी बोलायचा. "जूता बाहर देखा," तो म्हणाला. "रेत आग है. जूता छोड़ के आदमी बाहर नहीं जाता. मैं बोला, आदमी अंदर है." नाहीतर तो संध्याकाळीच आत आला असता. मी पाटाच्या काठावर पालथा पडलो होतो; तोंड पाण्यात जायला वीतभर उरलं होतं.

त्याने हात धरून मला फाटकापर्यंत नेलं. बूट जोडीने ठेवलेले, नाड्या सोडलेल्या, टोकं रस्त्याकडे. नाड्या मी जन्मात कधी सोडल्या नाहीत. टाचेने ढकलून बूट काढायचे ही माझी रीत. म्हाताऱ्याला विचारलं, त्याने हात लावला नव्हता. ग्लानीत मीच काढले असतील. असतीलच. पण मला ते आठवत का नाही? मी हात जोडले, आणि कोणाला जोडले ते मलाच कळेना. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बोट आकाशाकडे केलं.

वर्षभराने माहीमला परतलो. बाबांनी मळा पुन्हा लावला होता. बांधावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाबा, कोणी काढले असतील?"

बाबांनी वेलींकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी काय तिथं व्हतो? तू जिता आलास, माझं तेवढ्यात भागलं. बाकी तिला इचार. चल आत."

मी खाली बसून नाड्या सोडल्या आणि बूट कसेतरी ठेवले. बाबा वाकले आणि त्यांनी ते रस्त्याकडे वळवले. तेव्हा मात्र मला हुंदका आवरला नाही.

मी तिला अजून विचारलेलं नाही. उत्तर मिळालंच पाहिजे हा हट्ट त्या बांधावरच सुटला. त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची मात्र चुटपुट लागून राहिली आहे. म्हणून रोज वहाणा काढताना देवीला एवढंच म्हणतो, त्याचंही तूच बघ.