खरखरीतलं वादळ

ऐंशीच्या दशकात ठाण्यातल्या आमच्या हौशी नाटकमंडळात एक काका सिंथेसायझर वाजवायचे. मला शिकवताना चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अगं, बटण मुंगीच्या पावलानं फिरव. आवाज हळूहळू उजळतो." तो सूर अजून कानात आहे.

एका तालमीत त्यांनी बटणं जुळवत यंत्राच्या नुसत्या खरखरीतून खाडीवरचं वादळ उभं केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. चहा घेऊन आलेल्या म्हाताऱ्या कोळीणबाई मात्र दारातच थबकल्या.

"बंद कर रं बाला. माजा दादला अशाच वाऱ्यान गेला."

प्रयोग दुसऱ्याच दिवशी होता आणि त्या यंत्रात आवाज जपून ठेवायची सोय नव्हती. तरी काकांनी जुळवलेली सगळी बटणं फिरवून ते वादळ पुसून टाकलं. मग बाईंपाशी जमिनीवर बसून त्यांनी हलकेच त्यांच्या नवऱ्याचं नाव विचारलं.