गुरुजींचे योगायोग

असल्या गोष्टी एकट्या येतच नाहीत. कुणी म्हणालं, "मले आधीच कळलं होतं," की शेजारच्याला लगेच आपली मावशी आठवते आणि चहा गार होतो. आमच्या वडशाच्या नाटक मंडळीत तर असा ढीगच साचला होता! आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबईकडे गेला, त्या सुमारातली गोष्ट. धान कापून झाला की आम्ही तंबू घेऊन गावोगाव निघायचो. मी पेटी वाजवायचो. प्रॉम्प्टर होते रिटायर झालेले, जाड चष्म्याचे एक गुरुजी. कुणी काहीही सांगो, त्यांचा शब्द एकच : "योगायोग!"

*

तबलजी श्रावणभाऊला पोंभुर्ण्यात भर दुपारी आईची हाक ऐकू आली. अगदी स्पष्ट, "श्रावण्या!" आई राहायची तिकडे सावलीजवळ.

"माही माय गेली!" म्हणत तो रडतच निघाला. मिळेल त्या बैलबंडीनं, उरलेलं पायी. पोचला, तर माउली अंगणात वांगी चिरत बसलेली!

"तू मले हाक मारली होती काय?"

"मारली ना. रोजच मारतो बापू. तुले आजच आयकू आली?"

पुढचा प्रयोग आम्ही तबल्याशिवाय केला.

*

फागू राणीचा पार्ट करायचा. वैनगंगेकाठचा मासे धरणारा ढिवर, आवाज गोड, फक्त मिशा काढताना शिव्या द्यायचा. कोणत्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, मासोळी लागणार, ते त्याला म्हणे स्वप्नात दिसायचं.

गुरुजी म्हणाले, "दाखव!" आणि उजाडता उजाडता धोतर खोचून स्वतः त्याच्यासोबत पाण्यात उतरले. जाळं वर आलं. आत चिखल आणि एक तुटकी वहाण.

"काय झालं रे तुझ्या स्वप्नाचं?"

"स्वप्न मले पडलं गुरुजी. मासोळीले थोडंच पडलं!"

*

माझंही एक आहे. माझा भाऊ गोविंदा आसामात चहाच्या मळ्यावर गेला, तो परत आलाच नाही. एकदा सावलीच्या बाजारात सकाळपासून वाटत होतं, आज गोविंदा भेटणार. आणि कापडाच्या दुकानापुढे दिसला की! तीच पाठ, तसंच मान खाजवणं. मी धावत जाऊन खांदा धरला.

माणूस वळला. परका होता.

"नाई भाऊ, मी तुमचा नाई," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "पण जेवाले बोलवत असान तं येतो."

तंबूवर आणला त्याला. त्यानं पुन्हा पुन्हा वरण मागितलं. आमच्या गोविंदाला वरण आवडायचं नाही. तरी मी वाढतच होतो. गुरुजी समोर बसले होते. योगायोग म्हणाले नाहीत. त्याच्याकडे मीठ सरकवलं फक्त.

*

एकदा श्रावणभाऊनं विचारलंच, "गुरुजी, तुमाले काईच कसं होत नाई जी?"

गुरुजी म्हणाले, "बायको गेली तेव्हापासून वाट पाहून राह्यलो. घरात एक भांडंसुद्धा वाजलं नाई. योगायोगानंही नाई!"

आम्ही हसलो. आणि मग श्रावणभाऊ उगाच तबला पुसत बसला.

*

आता ही शेवटची. दुपारची तालीम होती. राजा लढाईला निघालाय, राणी निरोप देतेय असा प्रवेश. राणी अर्थातच फागू. गुरुजी पुस्तक घेऊन विंगेत, मी खाली पेटीवर. फागूनं राजाचा हात धरला आणि म्हणाला, "पुस्तक छातीवर ठेवून झोपता, चष्मा तरी काढत जा ना जी. कूस बदलली का फुटते."

राजाला कुठला चष्मा! सगळी मंडळी पोट धरून हसली. राजा तर खालीच बसला.

मी विंगेकडे वळलो. पाहतो तर गुरुजी उभे. पुस्तक खाली पडलेलं.

"फागू," ते म्हणाले, "हे वाक्य कुठून आणलं? हे तर माझी बायको रोज रात्री म्हणायची." फागूनं त्यांच्या बायकोला कधी पाहिलं नव्हतं. तो मंडळीत आला, तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

फागू गोंधळला. "तुमीच तं दिलं ना आतून! मी चमकलोच. म्हटलं, गुरुजी आज बाईच्या आवाजात काऊन बोलून राह्यले?"

"कोणत्या बाजूनं आला आवाज?"

फागूनं बोट दाखवलं. गुरुजींच्या डाव्या हाताला, पडद्याजवळ.

दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी गुरुजींनी विंगेत आपलं स्टूल मांडलं. आणि त्याच्या डाव्या हाताला, पडद्याजवळ, आणखी एक.