नळीतून पेज

दुपारी वहिनी एका बोटानं मोबाइलवर टाइप करत होती. अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांचा तो ग्रुप. कुणा मुलीनं विचारलं होतं, बाबांना भरवताना पेज नाकातल्या नळीत अडकते, काय करू? वहिनीनं लिहिलं, "दोनदा गाळून घे. कोमटच दे. देताना त्यांच्याशी बोलत राहा."

दादाला जाऊन वर्ष होत आलं.

"वहिनी, अजून कशाला आहेस त्या ग्रुपवर?" मी विचारलं.

"एवढं सगळं शिकले गं ह्यांच्यापायी. आता घरात कुणाला उपयोग त्याचा?"

अनोळखी माणसांना सल्ले देत बसणाऱ्यांना लोक रिकामटेकडे म्हणतात. त्यांच्या हातांना अजून कुणाला तरी भरवायचं असतं, ते कुठे दिसतं?

मुलीचं उत्तर आलं. "थँक्यू काकू. तुमचे पेशंट कसे आहेत आता?"

 वहिनीनं पुन्हा एका बोटानं लिहिलं, "बरे आहेत."