उपासाचं माप

मी पणजीला मानसशास्त्र शिकत होते तेव्हाची गोष्ट. गोवा राज्य होणार, भाषा कोकणी की मराठी, यावरून घराघरांत भांडणं चालू होती. माणूस खाण्यापासून स्वतःला किती आवरतो हे मोजणारी प्रश्नावली कोणत्या भाषेत आणावी, यावरून आमचे मास्तर लोकही एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शेवटी ती मराठीत झाली. मी ती गावी, सर्वणला घरी नेली, कारण धाकट्या बहिणीचा मला घोर लागला होता.

तिचा आधी सोमवार होता. मग गुरुवार आला, संकष्टी आली, एकादशी आली; उरलेल्या दिवशी एकभुक्त. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. शेजारणी आईला म्हणायच्या, "पुण्यवान गो तुजें चेडूं." अशा लेकीमुळे आई फुलून जायची. आमच्याकडे पोरगी ताटावरून उठली तर फटका बसतो, देवाचं नाव घेऊन उठली तर कौतुक होतं.

परसात बसवून मी तिला एकेक प्रश्न विचारला. वजन वाढू नये म्हणून मुद्दाम कमी वाढून घेतेस का?

"ना."

जाड होईन म्हणून काही खायचं टाळतेस का?

"ना गो बाय. देवाचें तें."

ती खोटं बोलत नव्हती, बहुधा. पेजेचं भांडं घासता घासता आई करवादली, "उपासाक कसलें माप? तुजें शिकप पणजेंत दवर." माझं शिक्षण मी पणजीतच ठेवावं, घरात आणू नये.

बेरीज अगदीच थोडी आली. ती पाहून मास्तर म्हणाले, ही मुलगी खाणं आवरतच नाही. उपास धर्माचे, ते यात धरायचे नसतात. मी म्हटलं, सर, ती उभी राहिली की तिला अंधारी येते. मग डॉक्टरला दाखवा, म्हणाले. डिचोलीच्या डॉक्टरनं टॉनिक दिलं. ते उपासाला चालत नाही म्हणून तिनं घेतलं नाही, आणि आईनंही आग्रह केला नाही. मला अजून या सगळ्यांचा राग येतो. देवाचाही येतो.

श्रावणात ती गेली.

बाराव्याला अंगणात केळीच्या पानावर तिच्यासाठी वाढून ठेवलं. कावळा माडावरून खाली उतरेना. भटजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, तिच्या आवडीचं काही करून ठेवा. आई लगबगीनं चुलीपाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. मग वळून मला म्हणाली, "आमच्या चेडवाक कितें आवडटालें गो?"

मला आठवेना. बाबांनाही आठवेना.