गाडीचं दार

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. आता बोलून मोकळं वाटेल असंही नाही — तोंडात घाण साठलीय, एवढंच.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. बापूस सायकलवरून मासळी विकतो, हे मी कॉलेजात छाती काढून सांगायचो. त्यावर भाषणंसुद्धा ठोकलीत.

मग पुण्यात नोकरी केली, बदली घेऊन रत्नागिरीत आलो, गाडी घेतली. आणि सायकलवाले डोळ्यांत खुपायला लागले. मेले रस्त्याच्या मधूनच चालवतात — काच लावून शिव्या घालायचो. कुणाला घालतोय, ते कळत नव्हतं? कळत होतं.

त्या सकाळी बाजारात गाडी थांबवली आणि मागे न बघता दार उघडलं. सायकल धाडकन आदळली. निळा टब उलटला, बांगडे डांबरावर पसरले. पडला होता शंकरकाका — बापसाचा जोडीदार. लहानपणी मला दांडीवर बसवून शाळेत सोडायचा.

त्याने मला ओळखलं नाही. दाढी, काळा चष्मा. मी मात्र ओळखलं. लगेच. आणि म्हणालो काय?

"डोळे फुटले काय रे? उलटा येतोस?"

तो बरोबरच येत होता. पण जमलेल्या लोकांनी गाडी बघितली, माझा शर्ट बघितला. "माफी माग साहेबांची," कुणीतरी म्हणालं. मनगट दाबून धरत तो म्हणाला, "चुकलं, साहेब."

मी चष्मा काढला नाही. निघताना चाकाखाली बांगडे चिरडले — तो आवाज ऐकलाय का कधी?

रविवारी आईबापसाकडे गेलो तर बापूस सायकलला तेल घालत होता. बंदरावर रीतच आहे, एक पडला की जोडीदाराने त्याची गिऱ्हाइकं सांभाळायची.

"शंकऱ्याचा हात मोडलान कुणा गाडीवाल्यानं," तो म्हणाला. "उतरून उचललानसुद्धा नाय मेल्यानं."

बापसाचे स्वतःचे गुडघे गेलेत. आईने बांगड्याचं तिखलं वाढलं, आणि मी भात पुन्हा मागून घेतला.

शंकरकाकाचं मनगट वाकडंच बसलं. त्याच्या वाडीत अजून बापूसच फिरतो. परवा तो माझ्या गाडीपुढेच होता. उभ्या गाड्यांच्या दारांपासून लांब राहायचं, म्हणून रस्त्याच्या मधून चालवत होता. माझ्या मागचे हॉर्न मारत होते.

मी काच वर केली.