एक वीस

नवी मुलगी कामाला लागली आणि पहिल्याच आठवड्यात मला संशय आला. तिचा कोड फार नीट होता. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांच्या कोडमध्ये थोडी खरकटी भांडी असतातच. हिचं मात्र सगळं सणाला सारवल्यासारखं. वर टिपणं असल्या इंग्रजीत, की तसं एक वाक्यही तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

सांगलीतलं आमचं ऑफिस लहान. ठिबकवाल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही ॲप करतो. त्यात क्षेत्र भरायचं, पीक निवडायचं, मग कोणतं खत किती सोडायचं ते ॲप सांगतं. मुलगी पलूसकडची, घरी द्राक्षबाग. एआयकडून लिहून घेतेस का, असं विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. लपवत नाही, याचाही मला संशय आला. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. खरं सांगायचं तर मी कारणच शोधत होते.

ते मिळालं. चाचणीसाठी तिनं स्वतःच्याच घरची बाग भरली होती. क्षेत्र १.२०. ॲपनं डोस काढला, चाचणी पास. मी तिला खुर्ची ओढून शेजारी बसवलं.

"तुमची बाग किती?"

"एक वीस."

"म्हणजे?"

"एक एकर वीस गुंठं. दीड एकर, मॅडम."

एवढं बोलताना तिची नजर स्क्रीनवरच्या १.२० वर गेली. चाळीस गुंठ्यांचा एकर हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एआयनं मात्र १.२० हा साधा दशांश समजून सव्वा एकराहूनही कमी धरलं होतं आणि हिनं ते तसंच पुढं सारलं होतं. तुटपुंज्या खतावर बाग कशी धरायची, असं मी विचारलं. मला रागही आला होता आणि पकडल्याचा आनंदही झाला होता.

"वाटलं, कॉम्प्युटरात असंच धरत असतील," ती म्हणाली.

उद्या साहेबांना नाही म्हणून सांगायचं, हे मी मनाशी पक्कं केलं.

सकाळी मी साहेबांकडं आत जायच्या आधीच ती माझ्या टेबलाशी आली. ॲपमध्ये क्षेत्राच्या एका चौकोनाच्या जागी आता दोन होते, एकराचा वेगळा, गुंठ्याचा वेगळा. हे कुणी सुचवलं, असं मी तिरकसपणेच विचारलं. तिनं सांगितलं, रात्री वडिलांना, म्हणजे आण्णांना, फोन केला होता. १.५ लिहिलं तर ते एक एकर पाच गुंठे समजतात, आणि शेजारचे काका दीड एकर. म्हणून एका चौकोनात भागत नाही. हा कोड तिनं स्वतः लिहिला होता, आणि ते दिसतच होतं. खरकटी भांडी जिकडंतिकडं.

"मग आण्णा म्हणले, तूच केलंयस न्हवं हे? मग मी डोळं झाकून खत सोडतो."

"तू काय म्हणालीस?"

"काय न्हाई. मला व्हय म्हणवंना, मॅडम."

मी साहेबांना ठेवा म्हणून सांगितलं.

ती अजूनही एआयला विचारते. मी अजूनही एकेका ओळीवर बोट ठेवून हे असं का, म्हणून विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं. येत नाही तेव्हा ती ओळ पुसून पुन्हा लिहायला बसते. माझ्यावर चिडतेही, पण ते चालतं.

नवं ॲप शेतकऱ्यांच्या फोनवर गेलं त्या दिवशी ती जिन्यात उभी राहून घरी बोलत होती. "व्हय आण्णा, मीच केलंय," एवढं मला ऐकू आलं.

मी तिचा कोड उघडला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला घेतला.